सेहेचाळीसची तीस

खालच्या जबड्यातली उजवीकडची पहिली मोठी दाढ मूल सहा वर्षांचं झालं की येते. आईबापांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल कधीतरी. त्यामुळे सगळ्यांत आधी किडते तीच. बेळगावला शिकत होते तेव्हा आम्ही तिला सेहेचाळीस म्हणायचो. तोंडाचे चार भाग करायचे, आणि चौथ्या भागातला मधोमधपासून सहावा दात म्हणून चार-सहा. जगात बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. अमेरिकेत मात्र तीच दाढ ‘तीस’. तिथे वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून एक, दोन, तीन असं मोजत डावीकडे सोळापर्यंत जायचं, तिथून खाली उतरून सतरा, आणि परत उलट फिरून उजवीकडे बत्तीस. त्या हिशेबात सेहेचाळीस नंबरचा दातच नाही. गंमत म्हणजे नायगाऱ्याचा पूल ओलांडून कॅनडात गेलं की पुन्हा सेहेचाळीस.

दाढ तीच, तिला लागणारी कीडही तीच आणि कीड काढायची रीतही थोड्याफार फरकानं तीच. पण हद्द बदलली की नंबर बदलतो आणि परवाना बाद होतो. कर्नाटक, महाराष्ट्र आणि न्यू जर्सी अशा तीन ठिकाणच्या रजिस्टरांत माझं नाव चढलं आहे, आणि प्रत्येक ठिकाणी मी दंतवैद्य आहे हे मला नव्यानं सिद्ध करावं लागलं. पहिल्या दोन ठिकाणी कागदांनी, तिसऱ्या ठिकाणी कागद, पैसा आणि तारुण्यातली बरीच वर्षं घालून.

मी मिरजेची. बारावीनंतर सरकारी कॉलेजात नंबर लागेल एवढे मार्क नव्हते, महाराष्ट्रातल्या खासगी कॉलेजांच्या फीचे आकडे ऐकून बाबा जेवताना गप्प बसायला लागले होते, आणि तेवढ्यात कर्नाटकातल्या प्रवेशपरीक्षेतून बेळगावची सीट हाती आली. सांगली-कोल्हापूरकडच्या पोरांना ही वाट काही नवी नव्हती. मिरजेहून गाडीत बसायचं, कुडची, रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड करत बेळगावला उतरायचं. सुट्टी संपवून परतताना माझ्या बॅगेत आईनं दिलेल्या चकलीच्या डब्याशेजारी एक काचेची बरणी असायची. तिच्यात माणसांचे दात.

बाहेरच्यांना हे ऐकून शहारा येतो, पण आपल्याकडच्या कुठल्याही डेंटलच्या विद्यार्थ्याला विचारा. दात कापायचा सराव आम्ही खऱ्या दातांवर करायचो, आणि ते ज्याचे त्यानं जमवायचे. ओळखीच्या डॉक्टरांकडे फॉर्मॅलिन घातलेली बरणी ठेवून यायची आणि पुढच्या सुट्टीत भरलेली उचलायची. मग हायपोक्लोराइटमध्ये बुडवणं, जुन्या टूथब्रशनं घासणं, मुळांना चिकटलेलं खरवडणं, प्लॅस्टरच्या ठोकळ्यात ओळीनं बसवणं. पहिल्या प्रीमोलर, म्हणजे सुळ्यामागच्या लहान दाढा, हव्या तेवढ्या मिळत, कारण वेडेवाकडे दात सरळ करायचे तर तारा लावणारे डॉक्टर जागा करायला त्याच काढायला सांगतात. चांगली मोलर मात्र दुर्मिळ. शाबूत दाढ कोण कशाला काढून घेईल? आमच्या हॉस्टेलात भाव ठरलेला होता: एका बऱ्या मोलरला चार प्रीमोलर. मुळं तीन असतील आणि एकही तुटलेलं नसेल तर वर एक मॅगी.

तिसऱ्या वर्षापासून पेशंट. खानापूर, चिकोडी, गोकाक, निपाणी. कोटा पूर्ण करायचा म्हणजे ठरलेल्या संख्येनं दाढा काढायच्या, सिमेंट भरायचं, कवळ्या बनवायच्या. कोणी ‘हल्लु नोवु री’ म्हणत आत यायचं, कोणी ‘दाढ ठणकायल्या’ म्हणत. दोन्हींना उत्तर एकच, आ करा. निपाणीकडचा पट्टा तंबाखूचा. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या दातांच्या मुळाशी काळी रेघ असायची, खालच्या ओठाच्या आत पांढरट सुरकुतलेला डाग, आणि हे काय म्हणून विचारलं की पदर तोंडावर. गुटखा खाणाऱ्या पोरांचं वेगळंच. तिशीच्या आतला गडी, आणि तोंड उघडेना. आमच्या सरांनी शिकवलं होतं: पेशंटला स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगायचं. दोनच गेली तर गालाच्या आतून बोट फिरवायचं. निरोगी गाल मऊ लागतो. इथे कातडी फिकट, संगमरवरी दिसते आणि बोटाखाली ताठ दोऱ्या लागतात. सबम्युकस फायब्रोसिस. त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. असे गाल आम्ही इतके तपासले की त्यात विशेष काही आहे असं वाटेनासं झालं होतं.

डिग्री हातात आली, इंटर्नशिप झाली, बंगळुरूच्या कौन्सिलकडे नाव नोंदलं गेलं. आणि मी मिरजेला परत आले, तर कळलं की कर्नाटकच्या रजिस्टरातल्या डॉक्टरनं महाराष्ट्रात पाटी लावायची तर आधी नाव इकडे आणावं लागतं. १९४८ चा डेंटिस्ट्स ॲक्ट देशभरासाठी एकच, अभ्यासक्रम ठरवणारी दिल्लीची कौन्सिलही एकच, पण रजिस्टर राज्याराज्याचं. तिकडून ना-हरकत पत्र, इकडे अर्ज, फी, शपथपत्र, एका कौन्सिलनं दुसरीला पाठवलेलं पत्र, ते पोचलं का याची विचारपूस. कुणी माझ्या हातात एअरोटर, म्हणजे दात कापायचं यंत्र, देऊन ‘दाखव कापून’ म्हणालं नाही. तेव्हा त्या कटकटीचा राग आला होता. नंतर जे पाहिलं त्यापुढे ती कटकट म्हणजे लाड होते. आता २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात सगळ्या देशाचं एक राष्ट्रीय रजिस्टर आणि शेवटच्या वर्षाला सामाईक एक्झिट परीक्षा, अशी तरतूद झाली आहे. पुढच्या मिरजकरणीचं काम सोपं होवो.

त्याच १९४८ च्या कायद्यात एक गोष्ट मला फार आवडते. दंतवैद्यांच्या रजिस्टरला अ आणि ब असे दोन भाग. अ मध्ये शिकलेले. ब मध्ये डिग्री नसलेले, पण कायदा यायच्या आधी काही वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. देशात कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ज्यांच्या हातांनी लोकांचे दात काढले त्यांना एका फटक्यात बेकायदा ठरवणं बरं नव्हे, एवढा विचार तेव्हा कुणीतरी केला होता. हात आधी, कागद मागून. मी अमेरिकेत शिरले तेव्हा हा भाग ब मला बऱ्याचदा आठवला.

लग्न झालं, नवरा न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी एच-फोर, म्हणजे नोकरदाराच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर. या व्हिसावर आलेल्या डेंटिस्ट बायका न्यू जर्सीत गल्लोगल्ली भेटतात. एडिसनच्या कुठल्याही हळदीकुंकवाला हाक मारा, दोन तरी निघतील. नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्यापर्यंत सरकलं की कामाची परवानगी मिळते. ती मिळेपर्यंत घर, मूल आणि पुस्तकं. मिळाली की डेंटल असिस्टंटची नोकरी. तिथेही तोंडाचा एक्स-रे काढायचा तर न्यू जर्सीत वेगळं लायसन्स लागतं, म्हणून बीडीएस झालेल्या बाईनं एक्स-रेच्या कोर्सला बसायचं. मी बसले. शेजारी अठरा वर्षांची मुलगी होती. ती मला समजावून सांगायची आणि मी मान हलवायचे. बरं वाटायचं तिला.

मग बोर्डाची परीक्षा. पूर्वी ती दोन भागांत व्हायची, २०२० पासून दोन्ही एकत्र करून नवी सुरू झाली: दोन दिवस, पाचशे प्रश्न. ती कठीण असते, पण निदान सरळ असते. अभ्यास केला की होते. खरा अडसर पुढे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत परवाना मागायचा तर डिग्री अमेरिकेत मान्यता असलेल्या कॉलेजचीच लागते. म्हणजे बेळगावचं सगळं शिक्षण धरून पुन्हा कॉलेजात जायचं, दोन किंवा अडीच-तीन वर्षं, आणि अनेक ठिकाणी नुसती फी दोन लाख डॉलर्सच्या घरात. त्या मोजक्या सीटांसाठी जगभरातले दंतवैद्य रांगेत. आणि रांगेत उभं राहायचं तर आधी मार्कलिस्टा मिलवॉकीच्या संस्थेकडून तपासून घ्यायच्या, आणि विद्यापीठानं त्या स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी पाठवायच्या. आमच्या विद्यापीठाच्या खिडकीवर बाबांनी किती खेटे घातले ते त्यांनी मला सांगितलं नाही. ‘साहेब रजेवर आहेत’ हे वाक्य मात्र फोनवर इतकं ऐकलं की साहेबांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली.

कॉलेजं बोलावतात तेव्हा बेंच टेस्ट घेतात. प्लास्टिकचे दात बसवलेला जबडा (टायपोडाँट), एक चेअर, ठरलेला वेळ: ही दाढ कॅपसाठी काप, त्या दाढेत फिलिंगसाठी खड्डा कर. यासाठी मी तळघरात मोटर बसवून रात्री सराव करायचे, आणि इथे माझी बरणी आडवी आली. खऱ्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, यंत्राच्या फिरत्या टोकाला विरोध करतं, घासल्याचा सूर बदलतो, आतला डेंटिन लागला की हाताला कळतं. प्लास्टिक लोण्यासारखं कापलं जातं. हात जरा रेंगाळला की हव्या त्या दीड मिलीमीटरचे दोन झालेले असतात. खऱ्या दातांवर वाढलेल्या हाताला हे नव्यानं शिकवायला लागतं. हे दात सुटे मिळतात, एकेक डॉलर-दोन डॉलरला, आणि मी शेकड्यांनी आणले. हॉस्टेलातल्या चार प्रीमोलरच्या भावानं पाहिलं तर लुटलेच गेले म्हणायचं.

याच काळात माझी एक वर्गमैत्रीण ब्रॅम्प्टनला होती. कॅनडाची व्यवस्था वेगळी. तिथेही परदेशी डिग्री जशीच्या तशी चालत नाही, पण पुन्हा कॉलेजात जायची सक्ती नाही. आधी ज्ञानाची परीक्षा, मग निर्णयक्षमतेची, मग ओटावाला जाऊन पुतळ्यावर हात दाखवायचे. ही शेवटची परीक्षा २०२२ पासून नव्या रूपात घेतात. पास झालात की स्थानिक पदवीधरांबरोबर राष्ट्रीय परीक्षा, आणि मग प्रांताचा परवाना. क्यूबेकला गेलात तर फ्रेंचही आलं पाहिजे. परीक्षा क्रूर आहेत, तिनं मला रडत फोन केलेले आहेत. पण ती कर्जात बुडाली नाही. दुसरा एक वर्गमित्र लंडनकडे गेला. तिथेही परीक्षाच, फक्त तिच्या जागा खुल्या झाल्या की काही मिनिटांत संपतात, त्यामुळे तो परीक्षेपेक्षा इंटरनेटच्या स्पीडचा अभ्यास जास्त करायचा.

माझं कॉलेज मला मिळालं, आणि तिथे काहीच शिकले नाही असं म्हणणं खोटं होईल. पहिल्या सेमिस्टरमध्ये बरंच शिकले. इंजेक्शनच्या आधी प्रत्येक वेळी रक्तदाब. रूट कॅनाल असो की साधं फिलिंग, रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणायचा रबराचा पडदा, लावल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि सगळ्यांत अवघड: पेशंटला पर्याय सांगणं. बेळगावात ‘दाढ काढावी लागेल’ म्हटलं की समोरून ‘तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर’. इथे चार पर्याय, चौघांचे फायदे-तोटे, खर्च, आणि ‘काहीच न करणं’ हाही पर्याय लिहून त्याच्यावर सही. पहिल्यांदा एका आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून ‘काहीच नको’ हा पर्याय निवडला तेव्हा मला काही सुचेना. आता वाटतं, आपल्याकडेही हे असावं. बाकीचं दीड वर्ष मात्र मला येत असलेलंच मी फी भरून पुन्हा करत होते. आमच्या तुकडीत दमास्कसची एक ओरल सर्जन होती, काराकासहून आलेली एक प्राध्यापिका होती, आणि आम्हा सगळ्यांना डॉक्टर म्हणायचं की स्टुडंट, हे तिथल्या रिसेप्शनिस्टला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

शेवटी क्लिनिकल परीक्षा. तिच्याबद्दल बोललं पाहिजे. काही वर्षांपूर्वीपर्यंत यासाठी उमेदवारानं स्वतःचा जिवंत पेशंट आणायचा असे. त्याची कीड परीक्षकांना हवी तेवढीच हवी: एक्स-रेत इनॅमल ओलांडून डेंटिनला टेकलेली, पण फार खोल नाही. असा माणूस शोधायचा, त्याला महिनोन्‌महिने उपचाराशिवाय ठेवायचं, विमानानं आणायचं, हॉटेलात ठेवायचं, पैसे द्यायचे आणि सकाळी तो उठून येईल अशी प्रार्थना करायची. माणसाची कीड परीक्षेसाठी राखून ठेवायची, हे वैद्यकात कसं बसतं ते मला कोणी समजावलेलं नाही. कोविडनं ते बंद पाडलं. आता ठिकठिकाणी पुतळा असतो, आणि त्याच्या तोंडात असा प्लास्टिकचा दात की ज्याच्या आत खोटी कीडही असते. कापत गेलं की ती सापडते, आणि कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं.

ती परीक्षा मला आवडली. नावाऐवजी नंबर. तिघे परीक्षक, एकमेकांनी काय गुण दिले ते न पाहता माझी दाढ तपासणार. ती दाढ बेळगावात शिकलेल्या हातानं कापली आहे की बोस्टनमध्ये, हे त्यांना कळायला मार्ग नाही. कडा गुळगुळीत आहेत का, शेजारच्या दाताला ओरखडा गेला का, एवढंच. आणि म्हणूनच प्रश्न पडतो. याच परीक्षेनं मी सुरक्षित आहे हे ठरणार असेल, तर ती मला पहिल्याच वर्षी का देऊ दिली नाही? पेशंटच्या तोंडात हात घालणाऱ्या परक्या माणसावर संशय घ्यावा, जरूर घ्यावा. मीही माझ्या मुलीला कुणाच्याही चेअरवर बसवणार नाही. पण संशय फेडायला परीक्षा पुरते. दोन लाख डॉलर्सनी संशय फिटत नाही, फक्त रांग छोटी होते.

परवाना आला न्यू जर्सीचा. हडसनच्या पलीकडे न्यूयॉर्क दिसतं, पण तिथे मी एक दातही भरू शकत नाही, कारण न्यूयॉर्कनं २००७ पासून क्लिनिकल परीक्षाच काढून टाकली आणि त्याऐवजी वर्षभराची रेसिडेन्सी सक्तीची केली. या बाबतीत अमेरिकेत जन्मलेलेही आमच्याच रांगेत. बाल्टिमोरला १८४० मध्ये जगातलं पहिलं दंतवैद्यक कॉलेज निघालं आणि पुढच्याच वर्षी अलाबामानं दातांच्या धंद्यावर पहिला कायदा केला. तेव्हापासून कॉलेज एकीकडे आणि परवाना राज्याच्या हातात, हा संसार सुरू आहे.

उलट दिशेनं गेलेला एक माणूस मला अधूनमधून आठवतो. पूर्व बंगालचे रफीउद्दीन अहमद. आयोवातून १९१५ मध्ये डॉक्टर झाले, काही वर्षं बोस्टनला मुलांच्या दवाखान्यात काम केलं, १९१९ मध्ये कलकत्त्याला परतले. परवाना मागायला तिथे ना कौन्सिल, ना कायदा. त्यांनी १९२० मध्ये भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं, आणि त्याला पैसा पुरवला तो स्वतःच्या ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाच्या दुकानातून. म्हणजे गोडाच्या कमाईतून दातांचं कॉलेज. पुढे १९३९ चा बंगालचा दंतवैद्यांचा कायदा झाला त्यामागेही तेच होते. परवान्याची भिंत उभारणाऱ्यांत परदेशी डिग्रीचा माणूस पहिला होता, हे आमच्या तुकडीत मी सांगितलं तेव्हा दमास्कसवाली बराच वेळ हसत होती.

ज्या क्लिनिकमध्ये मी लागले ते एडिसनजवळ. ओक ट्री रोडवर पान, सुपारी, मसाल्याच्या पुड्या, सगळं मिळतं. गेल्या हिवाळ्यात ट्रक चालवणारे एक काका आले, कॅप बसवायला. तोंडच उघडेना. आमच्या सीनियर डॉक्टरांनी जबड्याच्या सांध्याचं दुखणं समजून स्प्लिंटचा, म्हणजे दातांवर बसवायच्या पट्टीचा, विचार सुरू केला होता. मी काकांना बोटं उभी करायला सांगितली. दोन गेली, तीही कष्टानं. गालाच्या आतून बोट फिरवलं आणि निपाणीच लागली हाताला. सीनियर बाई हुशार आहेत, हा आजार त्यांच्या पुस्तकातही आहे. पण पुस्तकात बोटाला दोऱ्या लागत नाहीत. त्यांनी ग्लोव्ह घालून स्वतः चाचपलं, मग मला दुसऱ्या गालावरही दाखवायला लावलं. काकांना ओरल सर्जनकडे बायॉप्सीला पाठवलं. ‘तंबाखू नाही खात बेन, खाली सुपारी,’ ते पुन्हा पुन्हा सांगत होते. नुसती सुपारीही कर्करोगाला कारण ठरते हे त्यांना पटवायला कॅपपेक्षा जास्त वेळ लागला. बोर्डाच्या पाचशे प्रश्नांत किंवा पुतळ्याच्या तोंडात या बोटाला एकही मार्क नव्हता.

अजूनही महिन्याकाठी कुणाचा तरी फोन येतो. परवा इचलकरंजीची एक मुलगी होती, इंटर्नशिप संपत आलेली, लग्न ठरलेलं, मुलगा डॅलसला. अमेरिका करू की थोडी वर्षं कॅनडाला जाऊ? मी तिला म्हटलं, नवरा कॅनडाला यायला तयार असेल तर डोळे मिटून कॅनडा. नसेल तर लग्नाच्या आधी दोघांनी बसून कर्जाचा आकडा कागदावर लिहा, आणि त्याच्या आईलाही दाखवा. महाराष्ट्रातलं रजिस्ट्रेशन सोडू नकोस, नूतनीकरण करत राहा, मीही करते. टायपोडाँट तिकडून घेऊन ये, इथे महाग पडतो. आणि मेंदीच्या आधी विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्टचे सीलबंद लिफाफे काढून घे, जास्तीचे घे, प्रत्येकावर शिक्का नीट उमटलाय ना ते तिथेच खिडकीवर बघ. ती म्हणाली, ताई, साहेब रजेवर आहेत म्हणून सांगतात. मग म्हटलं, बाबांना पाठव.